कन्या राशीतली धग

चैत्र अमावास्येची रात्र. कर्जतच्या पुढे एका माळावर आम्ही आठ इंची दुर्बीण मांडली होती. दहाच्या सुमारास कन्या रास माथ्याशी आली, दक्षिणेला चित्रा ठळक दिसत होती. नकाशातल्या फिकट ताऱ्यांच्या खुणा एकेक करून जुळवत मी अखेर एका ठिपक्यावर थांबलो. १२.९ प्रतीचा, आजूबाजूच्या ताऱ्यांहून कशानेही वेगळा न दिसणारा. नाव ३सी २७३. रांगेत पहिली होती आमच्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या एका मित्राची नववीतली मुलगी. तिने बराच वेळ डोळा हलवला नाही. मी तिला सांगितलं, की हा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालाय. आपण ज्या काळ्या पाषाणावर उभे आहोत तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. आणि त्या ठिपक्याच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर आहे.

“पण काका, कृष्णविवर उजेडसुद्धा गिळतं ना? मग हा उजेड कुणाचा?”

दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यात जे काही पेटतं, फुटतं, उसळतं, त्या सगळ्याचा प्रश्न एवढाच आहे. हौशी माणसाला तो एकदा चावला की तो तर्क करत सुटतो. मीही केले. कॉलेजातल्या एका वहीत मी काढलेलं चित्र अजून आहे: एकाला एक जोडलेली दोन नरसाळी, एकात तारे घरंगळतायत आणि दुसऱ्यातून, विश्वाच्या दुसऱ्या टोकाला, क्वासारचा, म्हणजे अशाच एका पेटत्या गाभ्याचा, झगझगाट बाहेर पडतोय. त्या चित्राबद्दल मला आजही जिव्हाळा आहे. पण त्याखाली एकही आकडा नव्हता, आणि या विषयाचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत आलंय ते हेच, की इथे तर्क कुणी केला याला फारसं महत्त्व नव्हतं. त्याने ऊर्जेचा हिशेब कसा दिला आणि तपासायची वाट कोणती दाखवली, यावर तो टिकला किंवा गळला.

पहिला तर्क एका पाद्र्याचा. इंग्लंडमधल्या थॉर्नहिलचे धर्मोपदेशक जॉन मिचेल यांनी १७८३ मध्ये मांडलं, की सूर्याच्याच घनतेचा पण ५०० पट व्यासाचा तारा असेल तर त्याचा प्रकाश त्याच्यापासून सुटू शकणार नाही. त्यांचं गणित न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर आणि प्रकाशकणांच्या कल्पनेवर बेतलेलं होतं, पुढे पाया बदलला. पण असा न दिसणारा तारा सापडेल कसा, तेही त्यांनी सांगून ठेवलं: त्याच्याभोवती फिरणाऱ्या दिसणाऱ्या ताऱ्याच्या गतीवरून. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी मारणारा एस२ हा तारा वर्षानुवर्षं न्याहाळून राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांनी तिथे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाची वस्तू दाखवून दिली. २०२० च्या नोबेलमधला त्यांचा अर्धा वाटा त्यासाठीच होता. वाट मिचेलनेच दाखवलेली.

उजेडाची बाजू वेगळीकडून सुरू झाली. १९१८ मध्ये लिक वेधशाळेतल्या हेबर कर्टिस यांना कन्या राशीतल्याच एम८७ या दीर्घिकेच्या छायाचित्रात केंद्रापासून निघालेली एक सरळ, बारीक किरणरेघ दिसली. त्यांनी ती नोंदवली आणि पुढे गेले; तिचा अर्थ लावायला कुणाकडे काही नव्हतंच. मग १९३७ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या व्हीटन गावी ग्रोट रेबर या रेडिओ इंजिनिअरने घराच्या आवारात स्वतःच्या पैशाने साडेनऊ मीटरची थाळी उभारली. पहिल्या दोन वारंवारितांवर काहीच मिळालं नाही, तिसऱ्यावर आकाश बोलू लागलं. त्याने काढलेल्या नकाशांत हंस तारकासमूहात एक उंचवटा होता. त्यातला एक भाग म्हणजे पुढे हंस-ए म्हणून ओळखली गेलेली रेडिओ दीर्घिका. रेबर त्या काळात जगातला जवळजवळ एकटा रेडिओ खगोलनिरीक्षक होता, आणि हौशी होता.

हंस-ए कुठे आहे ते १९५४ मध्ये बाडे आणि मिंकोव्स्की यांनी पक्कं केलं, आणि हिशेब हाताबाहेर गेला. जेफ्री बर्बिज यांनी १९५९ मध्ये अशा दीर्घिकांच्या रेडिओ ढगांत किमान किती ऊर्जा साठलेली असली पाहिजे ते काढलं. उत्तर एवढं मोठं, की काही लाख सूर्य समूळ नाहीसे करून त्यांची ऊर्जा करावी तेव्हा भागेल. आता तर्कांचा पूर आला, आणि तो करणारे सगळे मातब्बर होते. दोन दीर्घिकांची टक्कर. एकामागून एक फुटणाऱ्या ताऱ्यांची माळ. प्रतिद्रव्य. हॉइल आणि फाउलर यांचा लाखो सूर्यांएवढा एकच तारा. आर्मेनियाच्या अंबार्त्सुम्यान यांनी तर १९५८ मध्ये म्हटलं, की दीर्घिकांच्या गाभ्यात आत्यंतिक घन अवस्थेतलं द्रव्य आहे आणि तेच फुटून बाहेर पडतं. माझ्या वहीतल्या चित्रापेक्षा यातले काही तर्क कमी धाडसी नव्हते.

कलाटणी मिळाली ती आमच्या त्या रात्रीच्या ठिपक्यानेच. १९६२ च्या ऑगस्टमध्ये चंद्र ३सी २७३ वरून सरकणार होता. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीतून सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेडिओ स्रोत नेमका कोणत्या क्षणी झाकला जातो आणि उघडतो ते टिपलं. चंद्राची कड कुठे आहे ते काटेकोर माहीत असतं, म्हणून स्रोताची जागाही काटेकोर कळली. त्या जागी तेराव्या प्रतीचा ‘तारा’ होता. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. १९६३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या लक्षात आलं, की या हायड्रोजनच्याच नेहमीच्या रेषा आहेत, फक्त जवळजवळ १६ टक्के तांबड्याकडे सरकलेल्या. तो तारा नव्हता, अतिदूरचं काहीतरी होतं. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट यांनी हार्वर्डच्या जुन्या काचपट्ट्या उकरून काढल्या. १८८७ पासून हा ठिपका छायाचित्रांत येत होता, आणि त्याची प्रत महिन्यांच्या, वर्षांच्या हिशेबात बदलत होती. प्रकाशाला वस्तूच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात सबंध वस्तू एकदम उजळू-मंदावू शकत नाही. म्हणजे हा दिवा फार तर काही प्रकाशमहिन्यांच्या जागेत मावणारा होता.

इथून पुढचा हिशेब वहीच्या एका पानात बसतो, आणि तो प्रत्येक हौशी माणसाने एकदा स्वतःच्या हाताने करावा. ३सी २७३ सूर्यापेक्षा सुमारे ४ लाख कोटी पट तेजस्वी आहे. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्का भाग ऊर्जा होतो. तेवढ्यावर हा दिवा तेवत ठेवायचा तर वर्षाला ३८ सूर्यांएवढा हायड्रोजन, एवढ्याशा जागेत, पुरता जाळायला हवा. आता दुसरा उपाय पाहा. कोयनेचं पाणी शिवसागरात नुसतं साठून राहिलं तर वीज देत नाही. पोफळीकडे खाली कोसळतं तेव्हा देतं. निसर्गात कृष्णविवराइतका खोल कडा दुसरा नाही. वायू त्यात सरळ पडत नाही. त्याला फिरकी असते, म्हणून तो भोवती तबकडी धरतो, थरावर थर घासतो, तापतो, आणि काठावरून नाहीसा होण्याआधीच आपल्या वस्तुमानाचा ६ टक्क्यांपासून, विवर अतिवेगाने फिरत असेल तर ४० टक्क्यांपर्यंतचा भाग प्रकाशाच्या रूपाने सोडून देतो. १० टक्के धरले तर ३सी २७३ ला वर्षाला अडीच-तीन सूर्यांचं खाद्य पुरतं.

उजेड विवराचा नाही, पडणाऱ्याचा आहे. त्या रात्री मी मुलीला दिलेलं उत्तर एवढंच होतं.

हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो. प्रकाशालाही दाब असतो. तो फार झाला तर येणारा वायूच उधळून लावील, म्हणून अमुक तेजासाठी किमान अमुक वस्तुमान लागतंच. ३सी २७३ साठी ते १२ कोटी सूर्य येतं. २०१८ मध्ये चिलीतल्या युरोपीय वेधशाळेच्या चार दुर्बिणी जोडून तिथल्या वायूचं फिरणं प्रत्यक्ष मोजलं गेलं, तेव्हा वस्तुमान सुमारे ३० कोटी सूर्य निघालं. अशा विवराची त्रिज्या ९० कोटी किलोमीटर, गुरूच्या कक्षेहून जराशी मोठी. पडत्या वायूची ही कल्पना १९६४ मध्ये अमेरिकेत सॉलपीटर आणि रशियात झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे मांडली होती. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी ती पुढे नेऊन म्हटलं, की क्वासार विझले तरी त्यांची विवरं उरणारच, तेव्हा ती आजच्या शांत दीर्घिकांच्या गाभ्यात शोधा. तशी ती सापडत गेली.

आता माझ्या नरसाळ्याकडे. तो तर्क माझ्या आधी आणि माझ्याहून हजारपट तयारीने मांडणारा माणूस मराठी होता. १९७४ मध्ये जयंत नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच यांनी ‘नेचर’मध्ये श्वेतविवरांवर निबंध लिहिला: द्रव्य गिळणाऱ्या विवराच्या उलट, आतून द्रव्य बाहेर टाकणारं विवर असेल तर त्यातून उच्च ऊर्जेचं प्रारण कसं येईल. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. जगताप म्हणजे आद्याक्षरं उलटी केलेले नारळीकरच. योगायोग असा, की श्वेतविवराला मोठा धक्काही १९७४ मध्येच बसला. डग्लस अर्डली यांनी दाखवलं, की त्याच्या तोंडाशी बाहेरचा प्रकाश आणि द्रव्य साचत जाऊन ते फार लवकर स्वतःच कृष्णविवरात कोंडलं जाईल. आज क्वासारचं स्पष्टीकरण म्हणून श्वेतविवर कुणी घेत नाही. पण नारळीकरांचा तर्क आकड्यांनिशी आला होता, म्हणून तो आकड्यांनिशी तपासता आला, आणि मला तो त्या वेळच्या कितीतरी सावध लेखनापेक्षा मोलाचा वाटतो.

पुण्यात गणेशखिंडीला आयुका आणि रेडिओ खगोलभौतिकीचं राष्ट्रीय केंद्र शेजारी-शेजारी आहेत. तिथून जाताना मला नेहमी एक जुना वाद आठवतो. नारळीकर आणि हॉइल स्थिर विश्वाच्या, म्हणजे विश्व सदासर्वकाळ सारखंच असतं या मताच्या, बाजूचे. उलट रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली आणि पार्क्सच्याच पद्धतीने, चंद्राआड जाणारे शेकडो रेडिओ स्रोत मोजले. दूरचे स्रोत जवळच्यांसारखे नव्हते, म्हणजे विश्व काळाबरोबर बदललं होतं. उटीच्या मोजणीने स्थिर विश्वाविरुद्ध साक्ष दिली. नारळीकर आणि स्वरूप या दोघांनी पुढे एकाच आवारात दोन संस्था नांदवल्या.

स्वरूपांनी उभारलेली दुसरी रेडिओ दुर्बीण नारायणगावाजवळ खोडदला आहे. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे शाळांच्या गाड्यांची रीघ लागते. ४५ मीटर व्यासाची थाळी जवळून पाहिली की पहिल्यांदा चकायला होतं, कारण ती भरीव नाहीच. बारीक पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून बसवली आहे आणि तिच्यातून चक्क आभाळ दिसतं. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालला आणि खर्च आवाक्यात राहिला. मीटरभर लांबीच्या लहरींना तेवढी जाळी आरशासारखी पुरते. अशा ३० थाळ्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. यांच्या नोंदींत आपल्या प्रश्नाचा दुसरा भागही दिसतो, तो म्हणजे विवराजवळून सुटणारे झोत. भुजंगधारी तारकासमूहात ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकासमूहात कधीकाळी एका विवराने झोत सोडून भोवतालच्या तप्त वायूत एवढं मोठं भगदाड पाडलं, की त्यात १५ आकाशगंगा ओळीने ठेवता येतील. २०२० मध्ये हे जाहीर झालं तेव्हा तो महास्फोटानंतरचा आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत मोठा उद्रेक होता, आणि त्या निष्कर्षात खोडदच्या नोंदी होत्या. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, पॉर्फिरिअन नावाच्या झोतांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २.३ कोटी प्रकाशवर्षं भरली. ते नेमक्या कोणत्या दीर्घिकेतून निघाले, तेही खोडदच्या थाळ्यांनी ठरवायला मदत केली.

हे झोत विवराच्या आतून येत नाहीत. फिरतं विवर भोवतीचं अवकाशच ओढत नेतं, त्यात गुंतलेल्या चुंबकीय रेषा पिळल्या जातात, आणि त्या पिळातून विवराच्या फिरकीची ऊर्जा दोन्ही ध्रुवांकडे फेकली जाते. ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी हे १९७७ मध्ये मांडलं. कर्टिसच्या रेघेचं मूळही तेच. १० एप्रिल २०१९ रोजी पृथ्वीभरच्या दुर्बिणी एकत्र जोडून काढलेलं एम८७ च्या गाभ्याचं चित्र आलं, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या विवराची सावली आणि भोवती तेजाचं कडं. दोन वर्षांनी त्याच प्रकाशाच्या ध्रुवीकरणातून कड्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही दिसलं. याच विवरामुळे हौशी मंडळींचा एक लाडका समज सोडून द्यावा लागतो: कृष्णविवर म्हणजे कल्पनेपलीकडची घनता. वस्तुमान दुप्पट झालं की त्रिज्या दुप्पट होते, घनफळ आठपट. म्हणून विवर जितकं मोठं तितकी त्याची सरासरी घनता कमी. एम८७ मधल्या विवराची आपल्या हवेच्या साधारण एक तृतीयांश येते.

हौशी माणसांनी स्वतः काय दिलं? डोळे दिले. २००७ मध्ये हॅनी व्हान आर्केल ही डच शिक्षिका दीर्घिकांच्या चित्रांची वर्गवारी करत होती. एका चित्रात दीर्घिकेखाली तिला एक डाग दिसला आणि तिने विचारलं, हे काय आहे? कुणालाच सांगता येईना. पुढे दुर्बिणी वळल्या आणि कळलं, की सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवरचा तो वायूचा ढग आहे, प्राणवायूच्या आयनांमुळे हिरवा पेटलेला. त्याला पेटवणारा क्वासार शेजारच्या दीर्घिकेत होता, पण तो विझलाय. त्याचा जुना प्रकाश तेवढा ढगावरून वळसा घालून आपल्यापर्यंत पोचतोय. क्वासार लाखभर वर्षांच्या आत मंदावू शकतो, याचा हा स्वच्छ पुरावा होता. हॅनीने कोणताही सिद्धांत मांडला नाही. न कळलेली गोष्ट तिने तशीच सोडली नाही, एवढंच. भारतात २०१३ पासून खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी विद्यार्थ्यांना आणि हौशी लोकांना खोडदच्या नोंदी वाचायला शिकवायचा उपक्रम चालवला आहे. त्यांनी २०११ मध्ये सहकाऱ्यांसह नोंदवलेली ‘स्पेका’ ही दीर्घिकाही कन्या राशीतलीच. सर्पिल असून तिला लांबलचक रेडिओ झोत आहेत, आणि ते एकदा विझून पुन्हा सुरू झालेले दिसतात. सर्पिल दीर्घिकांत हे अगदी विरळा.

बाकीच्या ऊर्जावान घटनांची गोष्ट वेगळी, ती एका स्वतंत्र लेखाची. तरी दोन सांगतो. १९ मार्च २००८ रोजी भूतप तारकासमूहात एका गॅमा स्फोटाचा दृश्य प्रकाश काही सेकंद पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत गेला, म्हणजे ७५० कोटी प्रकाशवर्षांवरची घटना काळ्याकुट्ट आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगी होती. आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन विवरं एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वीय लहर लायगो वेधशाळांत प्रथमच टिपली गेली. त्यात तीन सूर्यांचं वस्तुमान निमिषात लहरींत विरून गेलं आणि उजेड दिसला नाही. गोंगाटातून अशी लहर वेचून काढायच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशा लहरी टिपणारी तिसरी लायगो वेधशाळा उभी राहायची आहे.

कन्या राशीत सध्या एक नवी धग आहे. ३० कोटी प्रकाशवर्षांवरची एक साधी, शांत दीर्घिका २०१९ च्या अखेरीस अचानक उजळू लागली आणि विझलीच नाही. तारा फाटून विवरात गेला तर वर्ष-दोन वर्षांत निवायला हवं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिच्यातून क्ष-किरण येऊ लागले, आणि मग दर साडेचार दिवसांच्या आसपास उसळणारे झटके. निजलेलं विवर जागं होताना माणूस पहिल्यांदाच पाहतोय, असं अभ्यासकांचं मत आहे. त्या झटक्यांचं कारण अजून ठरलेलं नाही.

त्या रात्रीनंतर आठवड्याभराने मुलीचा फोन आला. वर्षाला तीन सूर्य तर तीस कोटी व्हायला दहा कोटी वर्षं, हे तिने काढलं होतं. मी तिला म्हटलं, खाण्याची ही गती सुरुवातीपासून नसते. लहान विवराला कमी खाता येतं, त्याचाच प्रकाश त्याला अडवतो. साधारण तीन कोटी वर्षांत वस्तुमान दुप्पट, असं धर. आणि २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा दुर्बिणींनी मिळून पाहिलेल्या यूएचझेड१ दीर्घिकेचा आकडा दिला: विश्व ४७ कोटी वर्षांचं असताना तिच्या पोटातलं विवर कोट्यवधी सूर्यांचं झालेलं होतं. चार कोटी धर, म्हटलं. मेलेल्या ताऱ्यापासून, दहा सूर्यांपासून सुरुवात कर.

फोन चालूच होता. तिकडून पेन्सिलीचा आवाज येत होता. वीस, चाळीस, ऐंशी. बावीस वेळा दुप्पट झालं तेव्हा चार कोटी ओलांडले.

“सहासष्ट कोटी वर्षं लागतात. बसत नाही, काका.”

“नाही बसत.”

“मग ते जन्मालाच मोठं आलं असेल. लाखभर सूर्यांचं वगैरे.”

तारा न होताच वायूचा अख्खा ढग कोसळून लाखभर सूर्यांचं विवर बनू शकेल, हे प्रियंवदा नटराजन आणि त्यांचे सहकारी २००६ पासून सांगत आलेत, आणि यूएचझेड१ त्याच्याशी जुळतं. मी तिला ते अजून सांगितलं नाही. लाखापासून चार कोटींपर्यंत किती वेळा दुप्पट करावं लागतं, ते ती मोजत होती.